उशिरा उगवणारे बी

जिरेनियम वंशातील रानफुले प्रामुख्याने समशीतोष्ण हवामानात वाढणारी असल्याने, रानटी बियांपासून रोपे करण्याचा विचार नाशिकच्या संदर्भात करायचा झाल्यास तेरड्याकडे वळणे अधिक सयुक्तिक ठरते. १८७० च्या दशकात जोसेफ डाल्टन हूकर यांच्या भारतीय वनस्पतिकोशाच्या पहिल्या खंडात तेरडा जिरेनियमच्याच कुळात समाविष्ट होता. पुढे जनुकीय पुराव्यांवर आधारलेल्या वर्गीकरणाने या दोघांची कुळे परस्परांपासून दूरच्या गणांत गेली. तरीही बी दूर फेकण्याची युक्ती दोघांनी स्वतंत्रपणे साधली आहे. जिरेनियमच्या फळाची चोच वाळताना ताणली जाते आणि तडकून बी भिरकावते. तेरड्याच्या बोंडाच्या भिंतीत मात्र पाण्याने फुगलेल्या पेशींचा ताण साठतो आणि जरासा स्पर्श होताच त्याची पाचही शकले आत वळून बिया उडवतात.

नाशिकच्या बागायतीचा काही भाग मात्र बियांच्या उलट दिशेने, कलमांवर वाढला आहे. येथील द्राक्षबागांचा मोठा आधार असलेले थॉमसन सीडलेस हे वाण डॉगरिजसारख्या खुंटावर कलम करून वाढवतात आणि अलीकडे तेलासाठी लावले जाणारे सुगंधी जिरेनियमही छाटकलमांनीच वाढते. कलमात मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे उतरत असल्याने प्रत्येक रोप दुसऱ्याची प्रतिकृती असते आणि बागायतदाराला नेमकी हीच खात्री हवी असते. रानटी बी ही खात्री देत नाही. एकाच बोंडातील काही बिया लवकर, तर काही उशिरा रुजतात. ताज्या बियांनी अनुकूल ओलावा असूनही न उगवण्याच्या स्थितीला सुप्तावस्था म्हणतात. जिरेनियमच्या बियांत ती पाणी न शिरू देणाऱ्या कठीण आवरणामुळे येते, म्हणून पेरणीपूर्वी ते आवरण काचकागदावर हलकेच घासतात. पावसाळी रानफुलांच्या दृष्टीने पाहता, आश्विनातल्या शेवटच्या सरीला भुलून उगवलेले रोप उन्हाळ्यापर्यंत तगणार नाही, तेव्हा सगळ्या बिया एकदम न उगवणे हा दोष नसून विमा आहे.

पाऊस जिथे बेभरवशाचा, तिथे हा विमा अधिक मोलाचा ठरतो. इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर नाशिक शहरात सुमारे ७०० मिलिमीटर. त्यामुळे घाटमाथ्यावरचे बी शहरातल्या कुंडीत पेरणारा माणूस त्या बियांना एका नव्या कसोटीला लावत असतो. बी गोळा करताना तो आणखीही एक निवड नकळत करतो. फुटून गेलेल्या बोंडांचे बी त्याच्या हाती लागत नाही, जी बोंडे उशिरा फुटतात त्यांचेच लागते. पेरल्यावर जी रोपे लवकर व एकसारखी येतात ती तो ठेवतो आणि उरलेली माती फेकून देतो. कळपातील उत्तम जनावरे राखणारा माणूसही जात बदलू पाहत नसताना ती बदलतो, असे चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये मांडले होते. गहू-भाताचे दाणे कणसातच टिकून राहण्याचा गुण माणसाच्या अशाच कापणीतून स्थिरावला. काही पिढ्यांत कुंडीतला तेरडा त्याच वाटेने जाऊ शकतो. रानफुलाचे जतन करण्याची भाषा करणाऱ्यांनी हा धोका फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

दुसरा ताण रोपे उपटण्याचा: काही घरांत गौरी म्हणून तेरड्याची रोपे मुळांसकट आणली जातात, तीही भाद्रपदात, म्हणजे पुष्कळशी बोंडे पिकण्यापूर्वी. अशा वेळी उपटलेल्या रोपाची त्या जागेवरची पुढची पिढी मुख्यतः मातीत आधीपासून सुप्त पडून असलेल्या बियांतून येते. म्हणून बी गोळा करताना ते एकाच झुडपाचे न घेता दूरदूरच्या अनेक झुडपांचे थोडे थोडे घ्यावे, पिवळसर झालेल्या बोंडाभोवती पातळ कापडाची पिशवी बांधावी, जमलेले बी सावलीत वाळवावे आणि जूनमधल्या पहिल्या पावसानंतर निचऱ्याच्या मातीत उथळ पेरावे. पहिल्या पावसाळ्यात काहीच उगवले नाही, तरी ती कुंडी दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत रिकामी करू नये, कारण त्या मातीत राहिलेले बीच बहुधा सर्वांत रानटी असते.