एका घराच्या दोन पत्रिका कशासाठी?



दीक्षेनंतर घरात पहिले लग्न निघाले, की विधी कोण लावणार, जेवणाचे काय, मांडव कुठे, याची चर्चा महिनाभर चालते. पत्रिकेचा प्रश्न मात्र छापखान्याच्या दारात पाच मिनिटांत उरकला जातो. वास्तविक विधी मांडवात आलेले लोकच पाहतात. पत्रिका न येणाऱ्याच्याही हाती पडते. आपण कोण झालो, हे घर चारचौघांना प्रथम सांगते ते पत्रिकेतून. म्हणून हा प्रश्न कागदाचा नसून नीतीचा आहे.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. आमच्या घराने दीक्षा घेऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. छापखान्यात नमुन्यांचा गठ्ठा पुढे आला. बहुतेकांवर गणपती, त्याखाली कुलस्वामिनी, मग मुहूर्त. बौद्ध पद्धतीचे नमुनेही होते. वडील म्हणाले, "बाळा, दोन्ही छापू. वस्तीत बुद्धाची वाटू. तुझ्या मामाकडे नि माझ्या हपिसात ही दुसरी देऊ. कशाला कुणाचे मन दुखवायचे?"

हे बोलणे मला झटकून टाकता आले नाही. मैत्री हीदेखील बुद्धाचीच शिकवण आहे. शिवाय वडिलांच्या मनात आणखी एक भीती होती, ती पुष्कळांच्या मनात असते: 'बौद्ध' असे छापून निघाले, तर मुलांच्या सवलती जातील काय? ही भीती एके काळी खोटी नव्हती. परंतु १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन त्यात बौद्धांचा समावेश झाला. ते भय आता उगाच बाळगू नये.

राहिला मन राखण्याचा प्रश्न. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत गौरी-गणपतीला देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे. ती घेऊन आपण गणपतीची पत्रिका वाटली, तर चौथ्या शीलाचे काय? खोटे केवळ तोंडानेच बोलले जाते असे नाही. मामा ती पत्रिका वाचून येणार आणि मांडवात बुद्धमूर्तीपुढे त्रिशरण-पंचशील चाललेले पाहणार. मग आपण त्यांचे मन राखले, की त्यांना फसवले? आणि जिचे लग्न आहे, त्या मुलीला आपण काय शिकवले? धम्म घरात बोलायचा, बाहेर झाकायचा, हेच ना! आता मोबाईलवर एका गटाला एक आणि दुसऱ्याला दुसरी पत्रिका पाठवायला पैसाही पडत नाही. मोह वाढला आहे, म्हणून सावधपण अधिक हवे.

केवळ देवाचे चित्र काढून बुद्धाचे छापले, म्हणजे काम झाले असेही नव्हे. शब्दही तपासा. 'चि. सौ. कां.' म्हणजे सौभाग्याची आकांक्षा धरणारी. म्हणजे स्त्रीचे भाग्य नवऱ्याच्या आयुष्याला बांधलेले. त्याऐवजी आपल्यात वराला आयुष्मान व वधूला आयुष्मती लिहितात. दोघांनाही तीच सदिच्छा, हे किती चांगले! मुहूर्ताचेही तसेच. नक्खत्त जातकात एक कथा आहे. नगरातल्या लोकांनी खेड्यातली मुलगी मागितली, दिवस ठरवला आणि मग ग्रह कसे आहेत म्हणून घरच्या आजीवकाला विचारले. आपल्याला आधी का विचारले नाही, या रागाने त्याने दिवस अशुभ सांगितला. वऱ्हाड गेलेच नाही. खेड्यातल्यांनी वाट पाहून मुलगी दुसऱ्या घरी दिली. ग्रह राहिले आकाशात, मुलगी गेली हातची! तेव्हा पाहुण्यांना सोयीची वेळ लिहावी आणि ती पाळावी.

आम्ही अखेर एकच पत्रिका छापली, साध्या एकेरी कागदावर. बुद्धाचे व बाबासाहेबांचे चित्र घातले नाही. कारण लग्नानंतर पत्रिका कुठे कुठे पडलेल्या असतात, ते आपण पाहतोच. वर फक्त 'नमो बुद्धाय, जयभीम'. कोणाच्या देवाविरुद्ध एक अक्षर नाही. निमंत्रक म्हणून वडिलांच्या नावाशेजारी आईचे नाव.

मामांची पत्रिका मी कोणाच्या हाती पाठवली नाही. आईला घेऊन स्वतः गेलो आणि लग्न कोणत्या पद्धतीने लागणार ते आधी सांगितले. मामा गप्प झाले. चहा झाला. मग पत्रिका डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी वाचली आणि म्हणाले, "आक्काचं नाव छापलंय की!" त्यांच्या स्वतःच्या मुलींच्या पत्रिकांत मामींचे नाव नव्हते.

मामा लग्नाला आले. एक चुलते आले नाहीत, अजून बोलतही नाहीत. त्याचे दुःख वडिलांना आहे, मलाही आहे. परंतु त्यांच्या दारी आम्ही उद्याही जाऊ शकतो. त्यांच्यापाशी खोटे बोललो नाही, एवढे बळ आमच्याजवळ आहे.

वाचकहो, तुमच्या घरी लग्न निघेल तेव्हा छापखान्यात जाण्याआधी घरातल्या सर्वांनी, नवऱ्या मुलीनेसुद्धा, एकत्र बसून मजकूर मोठ्याने वाचा. ज्या ओळीवर तुमचा विश्वास नाही, ती ओळ कोणासाठीही छापू नका.

जयभीम.