पहिली मोटार आणि आपली जबाबदारी

मुलाने किंवा मुलीने अठरावे वर्ष ओलांडून वाहन चालविण्याचा परवाना मिळविला की घरात पहिल्या मोटारीचा विषय निघतो. ‘पैसा आमचा, मग निवडही आमचीच,’ असे आपण म्हणतो. परंतु पैसा ही अल्लाहने सोपविलेली अमानत आहे, आणि रस्ता तर सर्वांचाच आहे.

पवित्र कुरआनच्या सूरह अल्-फुरकानमध्ये रहमानच्या दासांची लक्षणे सांगितली आहेत. ते जमिनीवर नम्रतेने चालतात. खर्चात उधळपट्टी करीत नाहीत आणि कंजूषपणाही करीत नाहीत. मोटार निवडतानाही हीच कसोटी लावावी. शेजाऱ्यांवर छाप पडावी म्हणून नवशिक्या हातांत वेगवान, अवजड मोटार देणे ही उधळपट्टी होय. एअरबॅग आणि एबीएस नसलेली जुनी मोटार केवळ स्वस्त म्हणून देणे, ही काटकसर नव्हे. तो जिवाच्या बाबतीत केलेला कंजूषपणा आहे. २०२३ पासून ‘भारत एनकॅप’च्या चाचणीत मोटारींना सुरक्षिततेचे तारे दिले जातात. रंगाआधी ते पाहावेत.

लहान, सहज आवरणारी, भक्कम मोटार मध्यम मार्गाला धरून आहे. तिच्यासमोरून रस्ता ओलांडणारे अनोळखी मूलही आपल्याकडे सोपविलेली अमानतच आहे. किल्ली हाती देण्यापूर्वी आपल्या पाल्याला एवढे अवश्य सांगा.