कवच मापाचं हवं

सामन्याला निघालेल्या मुलाच्या कपाळाला अंगारा लावून गजानन महाराजांचं नाव घेणारी घरं वऱ्हाडात पुष्कळ आहेत. मैदानावर पोचल्यावर त्याच मुलाच्या डोक्यावर क्लबच्या किटबॅगेतून जे हाती लागेल ते हेल्मेट चढतं. यातून दोन शंका निघतात. राखणारा वर बसलेला असताना हेल्मेटचा एवढा खटाटोप कशाला, ही पहिली. दुसरी शंका सहसा कोणी विचारत नाही: हेल्मेट घातलं म्हणजे रक्षण झालं का? माझ्या मते या दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी मिळतं. संध्याकाळी दिव्यासमोर म्हटली जाणारी रामरक्षा नीट आठवून पाहावी. देहाला सांभाळ, एवढंच मोघम मागून ती थांबत नाही. डोकं, कपाळ, डोळे, कान, नाक, जीभ, कंठ, खांदे, हात, छाती, नाभी, कंबर, मांड्या, गुडघे, पोटऱ्या, पावलं असा एकेक अवयव घेत ती खाली उतरते आणि मग सबंध देहाबद्दल बोलते. देवीकवचाची रीतही तीच. ज्या परंपरेने रक्षणाची प्रार्थनाही अवयव मोजून केली, तिच्यात ‘मिळेल ते घाल’ या वृत्तीला जागा नाही. एका विशिष्ट देहाकडे बारकाईने पाहणं हाच या प्रार्थनेचा गाभा आहे, आणि मापाचं साहित्य निवडताना नेमकं तेच करायचं असतं.

माप चुकलं की काय होतं, हे महाभारताने द्रोणपर्वात दाखवलं आहे. जयद्रथवधाच्या दिवशी द्रोणाचार्य स्वतः मंत्र म्हणून दुर्योधनाच्या अंगावर अभेद्य कवच बांधतात. अर्जुनाचे बाण त्यावर आपटून निष्फळ होतात. तेव्हा अर्जुन कवचाचा नाद सोडतो आणि न झाकलेल्या तळहातांवर बाण मारतो. जगातलं सर्वांत भारी कवच अंगावर असूनही दुर्योधनाला मागे हटावं लागतं. क्रिकेटचा चेंडू काही नेम धरून मोकळी जागा शोधत नाही, पण ती मोकळी राहिली तर कधी ना कधी तिथे पोचतो. बारा वर्षांच्या मुलाने मोठ्या माणसाचं हेल्मेट घातलं की मान वळवताच ते डोक्यावर फिरतं, पुढची कड डोळ्यांवर येते, आणि ज्या क्षणी चेंडू दिसायला हवा त्याच क्षणी दिसत नाही. हेल्मेट भुवयांच्या किंचित वर सरळ बसावं, पट्टा हनुवटीखाली घट्ट असावा, डोकं हलवल्यावर आतली गादी कवटीबरोबरच हलावी. आणखी एक गोष्ट दुकानात फारशी सांगितली जात नाही. मोठ्यांचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा, तर लहान मुलांचा सुमारे १३५ ग्रॅमचा आणि आकारानेही लहान असतो. हेल्मेटची कड आणि जाळी यांच्यातल्या ज्या फटीतून मोठा चेंडू जात नाही, तिच्यातून लहान चेंडू जाऊ शकतो. म्हणूनच २०१३च्या ब्रिटिश मानकात चेहऱ्याची चाचणी दोन्ही चेंडूंसाठी वेगळी ठेवली आहे. पॅडची गुडघ्यावरची गादी बरोबर गुडघ्यावर आली पाहिजे. ती मांडीवर चढली तर पळताना पाय अडखळतो. ग्लोव्हजची बोटं रिकामी लोंबत असतील तर बॅटची पकडच सुटते. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतला तर बाह्या दुमडून एक वर्ष निघतं, हेल्मेटला दुमडायला बाह्या नसतात.

यावर सर्वांत जुना आक्षेप दैवाचा. ज्याची वेळ आली त्याला कोण वाचवणार, असं म्हणणारे ऑस्ट्रेलियन फलंदाज फिलिप ह्यूजचं नाव घेतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीच्या मैदानावर त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, तरीही उसळता चेंडू मानेवर बसला आणि दोन दिवसांनी तो गेला. हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही, कारण तेव्हाच्या नव्या मानकाचं हेल्मेट असतं तरी तो वाचला असता असं चौकशीतून निघालं नाही. पण पुढे काय झालं तेही पाहावं. डाव्या कानाच्या खालची, मागची ती जागा कुठल्याच कवचाने मोजली नव्हती, हे त्या मृत्यूने दाखवलं. मग मानेसाठी वेगळी ढाल आली, आणि ऑक्टोबर २०२३ पासून ऑस्ट्रेलियात वेगवान व मध्यमगती गोलंदाजीसमोर ती सक्तीची झाली. अवयवांच्या यादीत एका राहून गेलेल्या जागेची भर पडली. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात क्रिकेटपटू रमण लांबा शॉर्ट लेगला हेल्मेटविना उभा राहिला, षटकातले मोजकेच चेंडू उरलेत म्हणून, आणि डोक्याला चेंडू लागून गेला. तिथे दैवाकडे बोट दाखवण्याआधी हेल्मेटकडे दाखवता येतं. माणसाच्या हातात जे होतं ते सगळं करून झाल्यावर जे उरतं, त्यालाच दैव म्हणणं प्रामाणिक आहे.

दुसरा आक्षेप गीतेच्या आधाराने येतो. शस्त्रं आत्म्याला छेदत नाहीत, मग देहाची एवढी काळजी म्हणजे मोहच की. पण ही गीता कोणाला सांगितली? युद्धासाठी सज्ज होऊन रथात उभ्या असलेल्या धनुर्धराला. धनुर्धर बोटांवर घोरपडीच्या कातड्याचं संरक्षण बांधत, हे आपली महाकाव्यं वारंवार सांगतात. आत्म्याच्या अमरत्वाबद्दल इतकं सांगूनही कृष्णाने अर्जुनाला कवच उतरवायला सांगितलेलं नाही. गीता संपताच भीष्मपर्वात युधिष्ठिर मात्र खरोखरच कवच उतरवतो. शस्त्रं खाली ठेवून तो पायी शत्रुसैन्यात जातो, भीष्म-द्रोणांना वंदन करतो, आशीर्वाद घेतो, आणि परत येऊन कवच पुन्हा चढवतो. आशीर्वाद मिळाला म्हणून कवचाची गरज संपली, असं धर्मराजालाही वाटलं नाही. मला हा प्रसंग या सगळ्या वादावरचं सर्वांत स्पष्ट उत्तर वाटतो.

तिसरा आक्षेप मर्दानगीचा, आणि तो आपल्याकडे जास्त जिव्हारी लागतो. टेनिस बॉलवर वाढलेल्या मुलाला लेदर बॉलसमोर गार्ड लावायला सांगितलं की सोबती हसतात. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवून आलेली ही संस्था. अंग कमावण्याची ही परंपरा असलेल्या गावात लंगोट घट्ट बांधल्याशिवाय मातीत उतरणाऱ्याला कोणी शूर म्हणत नाही, वस्ताद त्याला बाहेर काढतो. मग गार्ड भित्र्याचा आणि लंगोट मर्दाचा, हा भेद आला कुठून? कर्णाने अंगासोबत जन्मलेलं कवच देऊन टाकलं म्हणून आपण त्याला दानशूर म्हणतो, ते खरंच. पण त्याने स्वतःचं दिलं. दुसऱ्याच्या लेकराचं कवच देऊन टाकण्याचा अधिकार कोणत्याही धर्माने प्रशिक्षकाला किंवा आयोजकाला दिलेला नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तोच खरा अवघड. कापूस-सोयाबीनच्या भावावर चालणाऱ्या घराला पूर्ण किट परवडत नाही, हे मान्यच करायला हवं. अमरावतीचा जितेश शर्मा, अकोल्याचा अथर्व तायडे यांच्याकडे पाहून मुलं मैदानावर येत राहणार, आणि सामायिक किटबॅगही राहणार. पण बॅगेत काय असावं हा हिशेब पैशाइतकाच लक्ष देण्याचा आहे. ज्यांची समाधी अमरावतीत आहे त्या गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनातून नवस-सायासावर आणि पशुबळीवर कोरडे ओढले. विधी पार पडला की काम झालं, या समजुतीवर त्यांचा राग होता. एकाच मापाची चार हेल्मेटं घेऊन ‘सगळ्यांना हेल्मेट आहे’ असं वहीत लिहिणं हाही तसाच विधी. त्याच पैशात दोन लहान, एक मधलं, एक मोठं घेता येतं, मागे चक्रीने आवळता येणारी असली तर आणखी बरं. जोराचा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बॅगेतून काढून टाकावं. पॅड उंचीप्रमाणे वाटून घेता येतात, डावखुऱ्या मुलांसाठी ग्लोव्हजची एक जोडी वेगळी ठेवता येते. गार्ड मात्र प्रत्येकाचा स्वतःचाच हवा, आणि सगळ्या साहित्यात तो सर्वांत स्वस्तांपैकी आहे. राहिला प्रश्न उन्हाचा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो, हेल्मेटमध्ये डोकं उकळतं, म्हणून मुलं ते काढून ठेवतात. तिथे सराव सकाळी सातच्या आत उरकावा, सामना दुपारी ठेवू नये. हे बदल वेळापत्रकात करायचे, मुलाच्या डोक्यावरून हेल्मेट उतरवून नव्हे.