लांब मजकुरातला पत्ता

ज्ञानेश्वरीतला दाखला देताना पान कुणी सांगत नाही. अध्याय आणि ओवी सांगितली की पुरतं. समोर पोथी असो, छोटी छापील प्रत असो की मोबाइल, सहाव्या अध्यायातली चौदावी ओवी तिथेच सापडते. पाठभेदामुळे आकडा थोडा पुढेमागे होतो, एवढंच. हा पत्ता कागदाचा नाही, मजकुराचा आहे. तुकोबांच्या गाथेत मात्र अभंगाचा क्रमांक आवृत्तीगणिक बदलतो. तिथे नुसता आकडा सांगून भागत नाही, कोणती गाथा तेही सांगावं लागतं. पडद्यावर लांब मजकूर वाचताना आज जी ओढाताण होते, तिचं मूळ मला या फरकात दिसतं.

तेराव्या शतकात पॅरिसच्या डॉमिनिकन मठात ह्यू ऑफ सेंट शेर यांच्या देखरेखीखाली बायबलमधल्या शब्दांची सूची तयार झाली. कोणता शब्द कुठे आला आहे, हे त्यांना नोंदवायचं होतं. पानाचा आकडा कामाचा नव्हता, कारण हाताने लिहिलेल्या दोन प्रतींची पानं कधीच जुळत नसत. मग त्यांनी प्रकरणाचा क्रमांक घेतला, प्रत्येक प्रकरणाचे मनातल्या मनात सात भाग पाडले आणि त्यांना ए ते जी अशी अक्षरं दिली. पुढे छपाई आली, एका आवृत्तीच्या सगळ्या प्रती सारख्या निघू लागल्या. १४७० साली कोलोनमध्ये छापलेल्या एका पुस्तिकेत पानांवर आकडे दिसतात. हळूहळू पान हाच पत्ता ठरला आणि ती सवय इतकी मुरली की, पान म्हणजे कागदाचं माप आहे याचाच विसर पडला.

संगणकाने हे माप मोडलं. अक्षर मोठं केलं की ओळी सरकतात, मोबाइल आडवा धरला की पुन्हा सरकतात. मग पत्ता कशाचा द्यायचा? या प्रश्नाचं सर्वांत खोल उत्तर फार लवकर मिळालं होतं. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्ट यांनी आपली संगणकप्रणाली लोकांसमोर चालवून दाखवली. त्या दिवशीचा माउस सगळ्यांच्या लक्षात राहिला. मला त्यांनी घेतलेली बाजारहाटाची यादी जास्त महत्त्वाची वाटते. त्या यादीतल्या वस्तू त्यांनी गटांत लावल्या, मग यादी मिटवून नुसती गटांची नावं ठेवली, हवा तो गट पुन्हा उघडला. त्या प्रणालीत प्रत्येक विधानाला स्वतःचा क्रमांक होता आणि त्या क्रमांकावर थेट जाता येत असे. आधी मजकुराचा सांगाडा पाहायचा आणि मग हवं तिथे उतरायचं, अशी ती रीत होती.

रोजच्या वापरात मात्र सरकपट्टी (स्क्रोलबार) आली आणि पुढे १९९३ साली अडोबीची पीडीएफ. पीडीएफने कागदाचं पान जसंच्या तसं पडद्यावर आणलं. छपाईसाठी ते वरदान होतं, शोधणाऱ्यासाठी तितकंसं नव्हतं. प्रस्तावनेची सोळा पानं वेगळ्या आकड्यांची असली, तर पुस्तकाचं पहिलं पान फाइलमध्ये सतरावं होतं. अनुक्रमणिका पाहून १२० टाकावं, तर १०४ उघडतं. किंडलने २००७ मध्ये पान सोडून ‘लोकेशन’ नावाचे आकडे दिले. ते कागदी पुस्तकाशी जुळेनात, तेव्हा २०११ मध्ये काही पुस्तकांपुरते पानांचे आकडे परत आणावे लागले.

सरकपट्टीचा हिशेब करून पाहा. अयोध्या प्रकरणाचा २०१९ चा निकाल १,०४५ पानांचा आहे. पट्टी बारा सेंटिमीटरची धरली, तर एका मिलिमीटरमागे जवळपास नऊ पानं येतात. बोट जरासं हललं की मुद्दा हातचा गेला. तरी असा निकाल वाचता येतो, कारण न्यायालयं परिच्छेदांना क्रमांक देतात आणि वकील युक्तिवादात परिच्छेद सांगतात. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने निकालांना कोणत्याही प्रकाशकाच्या ग्रंथावर न विसंबणारा स्वतःचा क्रमांक द्यायला सुरुवात केली. पत्ता पुन्हा मजकुराकडे आला, याचा मला मनापासून आनंद आहे.

शब्द टाकून शोधता येतं, मग पत्ता हवा कशाला, असं कुणी म्हणेल. मराठीत शोधून पाहावं. लांबलचक अहवालात ‘विहीर’ टाकलं, तर ‘विहिरीत’, ‘विहिरींची’ ही रूपं साध्या शोधात सापडत नाहीत, कारण विभक्ती लागताच दीर्घ ‘ही’चा ऱ्हस्व ‘हि’ होतो. ‘रस्ता’ला ‘रस्त्यावर’ दिसत नाही. सरावलेली माणसं म्हणून ‘रस्त’ एवढंच टाकतात. युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या फाइलींची गत याहून वाईट. डोळ्यांना अस्खलित मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. अशा फाइलीत एकही मराठी शब्द शोधता येत नाही. आपल्या कितीतरी नियतकालिकांचे जुने अंक याच अवस्थेत पडून आहेत, याची खंत वाटते. आणि शोध लागला तरी तो फक्त शब्दापाशी नेतो. तो शब्द कुणाच्या म्हणण्यात आला, कोणत्या प्रकरणात, आधी काय सिद्ध झालं, हे कळायला सांगाडाच लागतो.

तो सांगाडा उभा करणं लिहिणाऱ्याच्या हातात आहे आणि त्याला खर्च नाही. आपल्याकडे शीर्षक म्हणजे अक्षर मोठं आणि ठळक करायचं, एवढंच बहुतेक जण जाणतात. संगणकाला तो ठळक मजकूरच वाटतो. वर्डमध्ये ती ओळ निवडून ‘हेडिंग’ ही शैली लावली, की बाजूच्या पट्टीत प्रकरणांची यादी आपोआप दिसते, अनुक्रमणिका एका आज्ञेत तयार होते आणि पीडीएफ करताना तीच शीर्षकं बुकमार्क म्हणून पुढे नेता येतात. एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर वापरून मजकूर ऐकणाऱ्या अंध वाचकाला तर यावाचून पर्यायच नाही. त्याला सरकपट्टी दिसत नाही, ठळक अक्षरही दिसत नाही. तो एच ही कळ दाबतो आणि एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जातो. शीर्षकं नुसती ठळक केलेली असतील, तर पुढे शीर्षक नाही एवढंच त्याला ऐकू येतं आणि दोनशे पानांचा अहवाल पहिल्या ओळीपासून ऐकत बसावा लागतो.