शून्य रुपयाचं तिकीट

जळगावहून धुळ्याची एसटी सुटली आणि बांभोरीचा पूल यायच्या आतच कंडक्टर सरांपर्यंत पोहोचला. सरांनी आधार कार्ड पुढं केलं. कंडक्टरनं जन्मसाल पाहिलं, मशीनची दोन बटणं दाबली आणि तिकीट फाडून हातात दिलं. रक्कम : शून्य. शेजारच्या वकीलबाईंनी निम्मे पैसे मोजले. पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास ऑगस्ट 2022 पासून आहे, बायकांना अर्धं तिकीट मार्च 2023 पासून. दोघांनी तिकिटं ठेवून दिली. कुणालाच काही वाटलं नाही.

"बघा सर, तुम्हाला काहीच वाटलं नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"काय वाटायचं?"

"फुकट घेतलं म्हणून."

"फुकट कुठलं? नियमानं मिळालंय."

"तेच म्हणतेय मी. आमच्या काकूला गल्लीनं चार पैसे द्यायचे म्हटले, तर ती तीन दिवस दाराबाहेर आली नाही."

(सर, वकीलबाई आणि काकू ही प्रश्न उभा करण्यासाठी घडवलेली माणसं आहेत. कायदे, योजना आणि गावं मात्र खरी. आणि जुन्या जळगावात किंवा धुळ्याच्या नंबरांच्या गल्ल्यांत अशी काकू शोधायला फार फिरावं लागत नाही.)

काकू चौऱ्याहत्तर वर्षांची. माहेर साक्रीकडचं, म्हणून बोली अजून अहिराणी. नवरा खान्देश मिलमध्ये होता. ती मिल कधीच बंद पडली. तिच्या जागेवर आता स्टेशनजवळचं खान्देश सेंट्रल उभं आहे. नवऱ्यानं होतं-नव्हतं ते पतसंस्थेत टाकलं आणि ते तिथंच अडकलं. राहिलं घर. पुढं दोन खोल्या पत्र्याच्या, मागच्या दोन धाब्याच्या. धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. पावसाळ्याआधी त्यावर खाऱ्या मातीचा नवा थर द्यावा लागतो, आणि काकूच्या धाब्याला चार वर्षांत माती मिळालेली नाही. त्यात घरपट्टी थकलेली. मूळ थकबाकी समजा 40,000 धरली, तर महिन्याला 2 टक्के शास्ती म्हणजे 800 रुपये. काही न करता, नुसतं घरात बसून राहण्याचे महिन्याला 800.

(या शास्तीचा हिशेब मांडणाऱ्या जळगावच्या पालिकेच्याच डोक्यावर 'हुडको'चं कर्ज वर्षानुवर्षं होतं. ते मिटवायला राज्य सरकारला मध्ये पडावं लागलं. शहराला मध्ये पडणारं कुणी असतं, एवढाच फरक.)

"मग गल्लीनं वर्गणी काढली, त्यात चूक काय?" सरांनी विचारलं.

"चूक नाही. पण गणपतीची वर्गणी वेगळी आणि काकूची वेगळी. कुणी 500 दिले, कुणी 2,000, सगळं वहीत लिहिलं. ती वही काकूनं पाहिली."

"नावं लिहायला नको होती."

"नावं लिहिली नाहीत तर हिशेब कुणाला मागायचा? पैसे गोळा करणाऱ्यावर संशय येतो, सर. वही प्रामाणिकपणासाठीच होती. पण काकूनं एकच विचारलं, 'पावती कोना नावनी शे?'"

हा प्रश्न वरवर भाबडा वाटतो, पण त्यात एका आयुष्याचं शहाणपण आहे. घरपट्टी कुणीही भरली तरी पावती नोंदीतल्या मालकाच्याच नावानं निघते, आणि पट्टी भरली म्हणून मालकी मिळत नाही, हे कोर्टांनी अनेकदा सांगितलंय. तरी गावोगावी दिवाणी दाव्यांत पहिला कागद जोडला जातो तो घरपट्टीच्या पावतीचा. काकूच्या नवऱ्याची ठेव एका कागदावर विश्वास ठेवल्यानं गेली होती. दुसऱ्या कागदाकडं ती डोळे उघडे ठेवून पाहणारच.

पाळधी मागं पडली. सर म्हणाले, "मला वाटतं, तुम्ही तिला कारण नसताना संकोचात टाकता आहात. विनोबा 1932 मध्ये आमच्या धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर बोलत, साने गुरुजी ते उतरवून घेत. सतराव्या अध्यायात दानाचा विचार आहे. स्थळ, वेळ, माणूस पाहून द्यावं, आणि जो परतफेड करणार नाही त्याला द्यावं, ते सात्त्विक. तुमच्या काकूला हे तंतोतंत लागू पडतं. द्या आणि विसरा."

"सर, तो अध्याय देणाऱ्यासाठी आहे. घ्यायचं कसं, ते कोणत्या अध्यायात आहे?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. कपाशीची काळी रानं मागं पळत होती. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला असा प्रश्न जुन्या विद्यार्थिनीकडून आला की आधी बरं वाटतं, मग उत्तर सापडत नाही.

"सरकारकडं का जात नाही ती? श्रावणबाळ योजना आहे."

"आहे ना. महिन्याला 1,500. पण अट अशी की वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत हवं. म्हणजे महिन्याला 1,750. काकू उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे करून विकते, सुरतेहून पोरगा अधूनमधून हजार-दोन हजार पाठवतो. मी म्हटलं, बिबड्यांचं सांगू नका. तर म्हणे, 'खोटं का बरं सांगू?'"

"आणि पोरगा? आई-वडिलांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा आहे की. प्रांताकडं अर्ज केला तर महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह देववता येतो."

"तो सुरतेत यंत्रमागावर आहे, सर. स्वतः भाड्याच्या खोलीत राहतो. आणि असता शेठ, तरी काकू पोरावर केस करणार? कायद्याला ती म्हातारी दिसते. तिला ती आई दिसते."

एरंडोलला बस थांबली. चहावाला खिडकीशी आला. दोन कप घेतले, पैसे कुणी द्यायचे यावर थोडी ओढाताण झाली आणि सर जिंकले. वकीलबाईंनी खरी अडचण इथं काढली.

समोरच्या घरातले गृहस्थ चांगले आहेत. रात्री-अपरात्री काकूला दवाखान्यात नेलं ते त्यांनीच. त्यांनी प्रस्ताव मांडलाय : घर मला द्या. घरपट्टी मी भरतो, धाबं मी नीट करतो, महिन्याला ठरावीक रक्कम देतो. हयात आहात तोवर तुम्हीच राहा. नंतर घर माझं.

"वकील म्हणून मला तो वाईट वाटत नाही," बाई म्हणाल्या. "उपकार नाही, रोख सौदा आहे. काकूची मान खाली जात नाही. बँकाही हेच करतात, 2007 पासून आपल्याकडं 'रिव्हर्स मॉर्गेज' आहे. साठीपुढच्या माणसानं राहतं घर गहाण टाकायचं, बँक त्यालाच हप्ता देते, वसुली त्याच्या माघारी. पण बँकेला घर अजून निदान वीस वर्षं टिकणारं लागतं. धाब्याच्या घराला कोण उभं करणार? मग शेजाऱ्यानं केलं तर बिघडलं कुठं?"

"तो तिच्या मरणाची वाट पाहील."

"चांगला माणूस आहे, सर."

"चांगला आहे म्हणूनच म्हणतो. वाईट माणसाला त्याचा त्रासही होणार नाही."

वकीलबाई हसल्या आणि त्यांनी फ्रान्समधली गोष्ट सांगितली. आर्ल गावात 1965 मध्ये रॅफ्रे नावाच्या वकिलानं नव्वद वर्षांच्या झान काल्माँ या बाईंशी असाच करार केला. दरमहा 2,500 फ्रँक द्यायचे, बाई गेल्या की घर आपलं. तीस वर्षं तो पैसे भरत राहिला. घराच्या किमतीच्या दुपटीहून जास्त गेले. 1995 मध्ये तो सत्त्याहत्तराव्या वर्षी वारला, बाई जिवंतच. पुढं त्याच्या बायकोनं हप्ते भरले. काल्माँबाई 1997 मध्ये गेल्या, वय 122.

सरही हसले, पण गोष्टीतून त्यांनी नेमका काटा उचलला. "तो वकील दुसऱ्या घरात राहत होता. तुमचे गृहस्थ समोर राहतात. काकूला रात्री खोकल्याची उबळ आली की ती यांना ऐकू येणार. आज ते ऐकून उठतात आणि रिक्षा आणतात. सौदा झाल्यावरही उठतील. पण उठण्याआधी एक क्षण मनात काय येईल? आणि काकूला तो क्षण कळणार नाही असं वाटतं तुला?"

"म्हणजे शेजारधर्म आणि व्यवहार एका दारातून आत येऊ नयेत?"

"असं नाही. पण मदतीच्या नावाखाली आलेला व्यवहार तुमच्या जळगावानंच पाहिलाय."

हे खरं होतं. 2015 मध्ये जळगावच्या एका मोठ्या बहुराज्य पतसंस्थेवर अवसायक नेमला गेला. पुढं आरोप झाले की अडलेल्या ठेवीदारांच्या पावत्या मूळ रकमेच्या काही टक्क्यांत घेऊन बड्या कर्जदारांच्या कर्जात पूर्ण किमतीनं वळत्या केल्या. 2020 मध्ये पुण्याच्या आर्थिक गुन्हे शाखेनं जळगावात येऊन छापे घातले. पावती विकणाऱ्या म्हाताऱ्यांना त्या वेळी ती मदतच वाटली असेल. बुडालेल्या लाखाचे तीस हजार हातात येतायत, तर कोण नको म्हणेल? दोन्ही बाजूंची संमती होती, सह्या होत्या. फक्त एका बाजूला घाई होती आणि दुसऱ्या बाजूला नव्हती. माझ्या मते, अडलेल्याशी केलेला सौदा तोलायचा तर किमतीच्या आधी हे पाहावं : थांबणं कुणाला परवडतंय?

"आणि एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही," पारोळ्याचा किल्ला दिसू लागला तेव्हा वकीलबाई म्हणाल्या. "घर अजून नवऱ्याच्याच नावावर आहे. मृत्युपत्र नाही. म्हणजे काकू, मुलगा आणि मुलगी, तिघांचा सारखा हिस्सा. आपण काकूचं घर म्हणतो, कागदावर ती तिसऱ्या हिश्श्याची मालकीण. पोरांच्या सह्यांशिवाय सौदा होतच नाही. वर्गणीवाल्यांपैकी एकानं तर तोंडावर विचारलं, आपण धाबं बांधून द्यायचं आणि उद्या पोरगा येऊन प्लॉट विकून जायचा, तर आपण मदत कुणाला केली?"

"तू काय म्हणालीस?"

"मला उत्तर सुचलं नाही. प्रश्न हिशेबाला धरून होता."

"तापातल्या माणसाला गोळी देताना त्याचे वारस विचारतो का आपण?"

"गोळी पोटात जाते, सर. धाबं मागं उरतं."

पारोळ्यातून एक रस्ता अमळनेरला फुटतो. तिथं प्रताप शेठजींनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं, देशभरचे पंडित येऊन वेदान्तावर खल करून गेले. फाट्यावर बस थोडी थांबली, दोन माणसं उतरली, एक बकरी दारातून परत फिरली. सर बराच वेळ गप्प होते.

"ती बिबडे करते म्हणालीस. एकटी?"

"एकटी कसे होतील? तीन दिवस भिजवलेली ज्वारी, पहाटे मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा. तीळ, मिरची, लसूण. तो गरम असतानाच ओल्या कापडावर हातानं थापायचा. चार बायका तरी लागतात. आमच्या गल्लीत सगळ्यांचे बिबडे काकूच्याच धाब्यावर वाळतात, तेवढं ऊन दुसरीकडं नाही. आज हिचे, उद्या तिचे. घाट्याचं पाणी किती हे काकूच सांगते."

"तिथं कुणी वही ठेवतं?"

"कशाची वही?"

"कुणी कुणाकडं किती थापले त्याची."

वकीलबाई काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गेल्या मे महिन्यात एक बाई म्हणाली होती, धाब्याला माती दिली पाहिजे, आपल्या बिबड्यांत पोपडे पडतात. काकू लगेच म्हणाली, खरं शे. तेव्हा ती नाही म्हणाली नव्हती."

"मग?"

"मग कुणीतरी वर्गणीची वही काढली."

सर म्हणाले, मातीचं गल्लीच्या बिबड्यांवर जमून जाईल कदाचित, पण 40,000 चं काय? ते बिबड्यांत बसत नाही. वकीलबाईंनी मान हलवली. लोकअदालतीत शास्ती कमी होते कधी कधी, मूळ रकमेचे हप्ते पाडून मागता येतील, अर्ज काकूच्या सहीनं करता येईल. आणि तिन्ही वारसांची नोंद आधी लावून घ्यावी लागेल. पोरगा त्यासाठी तरी सुरतेहून येईल. समोरच्या गृहस्थांना काय सांगायचं, हे मात्र दोघांनाही उमगलं नव्हतं. त्यांना नाही म्हटलं, तर पुढच्या वेळी रिक्षा कोण आणणार?

धुळं आलं. स्टँडवर उतरल्यावर वकीलबाईंनी मघापासून मांडीवर धरलेली पिशवी सरांच्या हातात दिली. आतून लसणाचा वास येत होता.

"काकूनं पाठवलेत. एक किलो. तुमचं नाव सांगितलं होतं मी."

"अगं, कशाला..." सरांनी पाकीट काढून पाचशेची नोट पुढं केली. "हे तिला दे. वरचे राहू देत."

"240 झाले, सर." वकीलबाईंनी पर्स उघडली आणि स्टँडच्या गर्दीत उभ्या राहून दोनशेची एक, पन्नासची एक, दहाची एक अशा नोटा मोजून त्यांच्या तळहातावर ठेवल्या. "भाव तिनं सांगून पाठवलाय. जास्त दिले तर ती मलाच विचारेल, कशाचे म्हणून."