चार्ज

न्यायालयीन कागदपत्रांच्या मराठी अनुवादाचे काम मी अनेक वर्षे केले. त्या काळात ज्या शब्दापाशी लेखणी वारंवार थबकली, तो दुर्बोध नव्हता. खेड्यापाड्यांतही रोज उच्चारला जाणारा ‘चार्ज’ होता. खटल्यात तो दोषारोप, वीजबिलात आकार, पदार्थविज्ञानात प्रभार, कचेरीत पदभार. अर्थसंकल्पात जो खर्च विधिमंडळाच्या मतास टाकला जात नाही, त्याला ‘भारित’ म्हणतात. तेथेही मूळ शब्द हाच.

हे सारे अर्थ एका गाडीतून आले आहेत. लॅटिनमधील ‘कारुस’ म्हणजे गाडी. तिच्यावर माल लादणे या अर्थाचे क्रियापद फ्रेंचमार्गे इंग्रजीत उतरले. पुढे बंदुकीत दारू भरणे आणि विजेचा साठा करणे हेही ‘लादणे’च ठरले. आपला ‘आरोप’ शब्द पाहावा. त्याचाही मूळ अर्थ वर चढवणे, ठेवणे असाच आहे. म्हणून ‘दोषारोप’ हा मला नुसता प्रतिशब्द वाटत नाही. दोन भाषा आपापल्या वाटेने एकाच अनुभवापाशी पोहोचल्या आहेत. निश्चित केलेला आरोप आरोपीला वाचून दाखवावा आणि समजावून सांगावा, असे फौजदारी प्रक्रियेचे बंधन आहे. त्याचे गांभीर्य मला या व्युत्पत्तीने उमगले. ज्याच्या माथी ओझे ठेवायचे, त्याला त्यात काय आहे हे त्याच्या भाषेत कळलेच पाहिजे. अनुवादकाचा एक सैल शब्दही ते वजन बदलू शकतो.

माझे वडील प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी चार्ज दिला, तेव्हा मी शेजारी उभा होतो. यादीचे वाचन तासभर चालले: जनरल रजिस्टर, नकाशे, कुलपे तीन, पितळी घंटा एक. घंटेचा लोलक सैल झाला होता. तो त्यांनी हलवून दाखवला आणि तसा शेरा स्वहस्ते लिहिला. खाली दोन सह्या झाल्या. ‘चार्ज दिला.’ ‘चार्ज घेतला.’

दाराशी पोहोचल्यावर वडील मागे वळले. म्हणाले, “गुरुजी, तिसरीतल्या एका मुलाला फळ्यावरचं दिसत नाही. घरी दोनदा सांगून आलो, चष्मा अजून झालेला नाही. तेवढं त्याला पुढे बसवा.”

नव्या गुरुजींनी खिशातले पेन काढले आणि यादीच्या कोऱ्या पाठीवर त्या मुलाचे नाव लिहून घेतले.