चेंडू सुटतो तिथे

शिक्रापुरात टेनिस बॉलची स्पर्धा लागली की सीमारेषेवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "स्पीड किती असंल रं याचा?" बघणाऱ्यांचं सोडा, टाकणारी पोरंही त्याच आकड्यामागे लागलेली असतात.

गावातून जाणाऱ्या नगर रस्त्याने पुढे जात राहिलं की श्रीरामपूरची वाट लागते. तिथल्या झहीर खानने 2011च्या विश्वचषकात 21 बळी घेतले. तोवर त्याचा वेग पूर्वीचा राहिला नव्हता. पण हाताशी 'नकल बॉल' होता. चेंडू मूळचा बेसबॉलचा. बोटं मुडपून असा धरायचा, की सुटताना त्याला फिरकी जवळजवळ मिळूच नये. हात नेहमीच्याच जोरात येतो, चेंडू मागे रेंगाळतो आणि फलंदाजाची बॅट आधीच फिरून गेलेली असते.

अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलच्या मैदानांवर 2008 पासून जवळजवळ प्रत्येक चेंडूचा माग ठेवला जातो आहे. ॲलन नेथन या भौतिकशास्त्रज्ञाने त्या नोंदींतून हा नकल बॉल तपासला. तो हवेत नागमोडी नाचतो, असं फलंदाज छातीठोकपणे सांगत. नोंदींत दिसलं ते वेगळंच : त्याची वाट इतर चेंडूंइतकीच सलग असते, मात्र तो कोणत्या बाजूला वळेल याला काही धरबंध नसतो. म्हणजे नाच बराचसा बघणाऱ्याच्या अंदाजात!

(देवाणघेवाण उलटीही झाली. 2001 मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत क्रिकेटने पहिल्यांदा पाहिलेलं हॉक-आय हे चेंडूचा माग काढणारं कॅमेऱ्यांचं तंत्र 2020 पासून बेसबॉलच्या नोंदी ठेवतंय.)

या नोंदींतला वेगाचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. मला मोलाची वाटते ती दुसरीच नोंद : चेंडू हातातून नेमका कुठे सुटला. फलंदाज अंदाज बांधायला लागतो तो तिथूनच. वेगवान आणि संथ चेंडू एकाच जागेवरून सुटले, तर त्याला निवड करायला सवडच उरत नाही.

शिक्रापुरातल्या पोराला हॉक-आय कुठलं मिळायला? पण मोबाइल आहे. सरावात तो पंचाच्या मागे उभा करावा, आधी नेहमीचे आणि मग संथ चेंडू टाकावेत, आणि रात्री चेंडू सुटतानाची चित्रं थांबवून शेजारी शेजारी बघावीत. संथ चेंडूला हात वीतभर खाली आलेला दिसला, तर समोरच्याने षटकार कसा ओळखून मारला, हे वेगळं विचारायला नको.